वाकडे शेपूट कोणाचे?

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे ते वाकडेच, अशी एक म्हण आपल्या भाषेत आहे. अमुक एक माणूस सुधारणे शक्य नाही असे सांगावयाचे असले म्हणजे ती वापरली जाते आणि ऐकणाराही मान डोलावतो. म्हणीत शहाणपण असते हे खरे. पण पुष्कळदा तिच्यात सोयही असते. एखाद्याचा स्वभावच तसा, असे एकदा म्हणून टाकले की त्याला शिकविण्याची जबाबदारी आपल्यावर उरत नाही. शेपटाच्या वाकडेपणाविषयी कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. ते निसर्गाने दिलेले आहे. परंतु शेपटावरून साऱ्या कुत्र्याविषयी जे अनुमान काढले जाते ते तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे. कारण कुत्रे अंगण आणि ओसरी ओलांडून थेट आपल्या माजघरात आले आहे.

आपल्या परंपरेत कुत्रे नवे नाही. दत्तगुरूंच्या पायाशी ते आहे, खंडोबाच्या सोबत आहे आणि त्याला सोडून स्वर्गात पाऊल टाकण्यास धर्मराजाने नकार दिल्याची कथा प्रत्येक मराठी मुलाने ऐकलेली आहे. धनगराच्या कळपाबरोबर ते चालते, शेतकऱ्याच्या खळ्यावर ते जागते. परंतु या साऱ्या कुत्र्यांची वस्ती घराबाहेर होती. त्यांना घरात घाण न करण्याचे वळण लावण्याचा प्रश्नच नव्हता, कारण त्यांना घरच नव्हते. आता चित्र पालटले आहे. शहरातल्या तिसऱ्या किंवा दहाव्या मजल्यावरील दोन-तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे सकाळी साडेआठला सारी कर्ती माणसे घराबाहेर पडतात, तेथे दीड-दोन महिन्यांचे पिल्लू आणले जाते. त्याला ना अंगण, ना आई, ना भावंडे. त्याने शहरी मध्यमवर्गीयाच्या सर्व रीतिरिवाजांचे पालन आठवडाभरात सुरू करावे, अशी मात्र अपेक्षा असते.

या कथेचा पुढचा भाग बहुतेक गृहसंकुलांना परिचित आहे. पिल्लू मुलाच्या वाढदिवसाला येते. पहिले चार दिवस त्याचे छायाचित्र नातेवाइकांत फिरते. पाचव्या दिवशी सतरंजीवर ओघळ दिसतो, आठव्या दिवशी नव्या चपलेचा पट्टा तुटतो आणि कौतुकाची जागा वैताग घेतो. मग पिल्लाचे नाक त्याच्याच घाणीत घासणे, वर्तमानपत्राची गुंडाळी करून फटका मारणे, मानगूट धरून हलविणे हे वडीलधाऱ्यांनी सांगितलेले उपाय सुरू होतात. त्यांनी गुण येत नाही, तेव्हा पिल्लाची रवानगी सज्जात होते. तेथे ते दिवसभर भुंकते, शेजारी तक्रार करतात, सोसायटीचे पत्र येते. आणि एका पहाटे ते तोवर तरुण झालेले कुत्रे शहराबाहेरच्या रस्त्यावर मोटारीतून उतरविले जाते. ज्याने आयुष्यात कधी रस्ता ओलांडला नाही, उकिरड्यावर अन्न शोधले नाही, त्याचे पुढे काय होते हे सांगावयास नको. घरात लागलेल्या एका डागापासून सुरू झालेली गोष्ट अशी एका जिवाच्या नाशापर्यंत पोचते. म्हणूनच पिल्लाला वळण लावण्याचा विषय वरकरणी क्षुल्लक वाटला तरी तो क्षुल्लक नाही.

मूत्राशयाचे गणित

पिल्लू घरात घाण करते ते हट्टाने, आकसाने किंवा मालकाचा सूड घेण्यासाठी, हा सर्वांत मोठा गैरसमज आहे. दोन महिन्यांच्या पिल्लाचे मूत्राशय लहान असते आणि त्यावरचा ताबा अपुरा असतो. वयाचे जितके महिने, त्यांत एक मिळवून येईल तितके तास, ही ते दिवसा किती वेळ धीर धरू शकेल याची ढोबळ कमाल मर्यादा समजली जाते; म्हणजे दोन महिन्यांचे पिल्लू फार तर तीन तास, आणि प्रत्यक्षात बहुधा त्याहूनही कमी. झोपून उठल्यावर, खाल्ल्याप्यायल्यावर आणि खेळून दमल्यावर त्याला हमखास जावे लागते. ज्या घरात सकाळी साडेआठ ते सायंकाळी सहा कोणी नसते, त्या घराने त्याच्याकडून स्वच्छतेची अपेक्षा करणे म्हणजे पहिलीच्या मुलाला दशमानपद्धतीऐवजी बीजगणित विचारण्यासारखे आहे. नापास कोण झाले, विद्यार्थी की परीक्षक?

निसर्गाने मात्र या शिक्षणाचा पाया आधीच घालून ठेवला आहे. साधारण तीन आठवड्यांचे झाले की पिल्लू आपली झोपण्याची जागा सोडून बाजूला जाऊन विधी करू लागते. आपले अंथरूण घाण करू नये ही जाण त्याच्यात उपजत असते. आपल्याला एवढेच करावयाचे असते, की अंथरुणाची ही कल्पना हळूहळू साऱ्या घरापर्यंत वाढवावयाची. जी पिल्ले विक्रीसाठी अरुंद पिंजऱ्यात स्वतःच्याच घाणीत वाढविली जातात त्यांची ही उपजत जाण बोथट होते आणि त्यांना शिकविणे पुढे फार जड जाते. तेव्हा पिल्लू कोठून आणले याचा स्वच्छतेशी निकटचा संबंध आहे.

पद्धत साधी आहे. कठीण आहे ते तिचे सातत्य. खाण्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात, म्हणजे विसर्जनाच्या वेळाही आपोआप ठरतात. जागे असताना पिल्लू नजरेआड होऊ देऊ नये. नजर ठेवणे शक्य नसेल तेव्हा त्याला त्याच्या अंथरुणासह एका लहान, सुरक्षित कोपऱ्यात किंवा ऐसपैस पिंजऱ्यात ठेवावे. मात्र हा पिंजरा त्याला विसाव्याचा वाटावा, तुरुंग वाटू नये, आणि वर सांगितलेल्या मर्यादेपलीकडे त्यात कोंडू नये. दर वेळी एकाच जागी न्यावे, एकच शब्द उच्चारावा आणि शांतपणे थांबावे. विधी आटोपला की त्याच क्षणी, घरात परतल्यावर नव्हे, कौतुकाचा शब्द आणि उकडलेल्या अंड्याचा किंवा पनीरचा कणभर तुकडा द्यावा. घरात चूक झालीच तर न बोलता पुसून घ्यावी. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. फिनेलने पुसल्यावर आपल्या नाकाला वास येत नाही, पण पिल्लाच्या नाकाला येतोच. आणि वास आला की तीच जागा त्याला पुन्हा बोलावते. लघवीतील घटकांचे विघटन करणारी द्रावणे आता बाजारात मिळतात, ती वापरणे अधिक हिताचे.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर सोडता येत नाही, तोवर सज्जात किंवा न्हाणीघरात वर्तमानपत्र पसरून काम भागते. पुढे तो कागद दिवसागणिक दाराकडे आणि मग दाराबाहेर सरकवावा. वर्तमानपत्राचा हा उपयोग आम्हांस मान्य आहे. या पानाच्या वाट्यालाही तो येत असेल तर वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. गुंडाळी करून पाठीत घालण्याचा दुसरा उपयोग मात्र सर्वथा त्याज्य आहे.

शिक्षेने काय शिकविले?

तो त्याज्य का? केवळ भूतदयेसाठी नव्हे, तर तो निरुपयोगी आहे म्हणून. कृती आणि तिचा परिणाम यांत काही क्षणांचेच अंतर असेल तर प्राण्याच्या मनात त्यांची सांगड बसते. दुपारी झालेल्या चुकीसाठी सायंकाळी मारलेला फटका पिल्लाला चुकीविषयी काहीच सांगत नाही. ते इतकेच शिकते, की मालक घरी आला की मार बसतो. चूक करताना पकडून मारले तर ते शिकते, की माणसासमोर लघवी करणे धोक्याचे आहे. आणि मग ते पलंगाखाली किंवा पडद्यामागे जाऊन करू लागते. मालक म्हणतो, पहा, आता हा लबाडीही शिकला. लबाडी त्याला कोणी शिकविली?

यावर पुष्कळ जण सांगतात, की आमच्या कुत्र्याला आपला अपराध बरोबर कळतो. तो मान खाली घालतो, शेपूट पायांत घेतो, नजर चुकवितो. न्यूयॉर्क येथील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हीच समजूत चौदा कुत्र्यांवर तपासली. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही याविषयी मालकांना कधी खरे तर कधी खोटे सांगण्यात आले. निष्कर्ष असा निघाला, की अपराधी मुद्रेचा संबंध अपराधाशी नव्हता, मालकाच्या रागावण्याशी होता. ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते अशा निरपराध कुत्र्यांना रागावले असता त्यांच्या चेहऱ्यावर ती मुद्रा अधिकच ठळक दिसली. आपण ज्याला पश्चात्ताप समजतो ती भीती असते. वर्गातल्या खाली घातलेल्या मानांकडे पाहून समाधान पावणाऱ्यांनीही हा प्रयोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

शिक्षेवर आधारलेल्या पद्धतीला इतिहास आहे. जर्मनीत कोनराड मोस्ट यांचे १९१० सालचे श्वानशिक्षणाचे पुस्तक पोलिस व सैन्य यांच्या कुत्र्यांच्या अनुभवावर उभे होते. त्यातील शिस्तीची कल्पना लष्करी होती आणि पुढे ती घरगुती कुत्र्यांच्या शिक्षणातही उतरली. तिला शास्त्राचा आधार मिळाल्याचा भास निर्माण झाला तो लांडग्यांच्या अभ्यासामुळे. रुडॉल्फ शेंकेल यांनी बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांविषयी १९४७ साली लिहिले, आणि कळपात वर्चस्वासाठी अखंड झगडा चालतो ही समजूत रूढ झाली. त्यावरून, कुत्र्याच्या घरातही माणसाने कळपाचा म्होरक्या व्हावे, कुत्र्याला उलथे पाडून दाबून धरावे, असा उपदेश होऊ लागला. परंतु ते लांडगे ठिकठिकाणांहून आणून एकत्र कोंडलेले होते. डेव्हिड मेक या अमेरिकन अभ्यासकांनी १९७० सालच्या आपल्या ग्रंथात या कल्पनेचा प्रसार केला. पण कॅनडाच्या उत्तरेकडील एल्समियर बेटावर मोकळ्या लांडग्यांचे अनेक वर्षे निरीक्षण केल्यावर त्यांनीच १९९९ साली स्पष्ट केले, की नैसर्गिक कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची मुले यांचे कुटुंब असते, आणि तेथे म्होरकेपण हे लढून मिळविलेले नसते, ते पालकत्वच असते. जगप्रसिद्ध झालेले स्वतःचे मत पुराव्यापुढे मागे घेण्याचा हा प्रामाणिकपणा अनुकरणीय आहे. दुर्दैवाने म्होरक्याचा सिद्धांत अजून बागेत फिरावयास येणाऱ्या अनेकांच्या तोंडी आहे.

दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. ज्या कृतीमागून समाधान मिळते ती प्राणी पुन्हा करतो, हे एडवर्ड थॉर्नडाइक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले आणि बी. एफ. स्किनर यांनी त्याचे शास्त्र बनविले. पोर्तुगालमधील संशोधकांनी २०२० साली ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात, धाकदपटशाच्या वर्गांतील कुत्री बक्षिसाच्या वर्गांतील कुत्र्यांपेक्षा शिकताना अधिक ताणाखाली आढळली. त्यांच्या लाळेतील ताणाशी निगडित संप्रेरकाची पातळी प्रशिक्षणानंतर अधिक वाढली. आता कोणी म्हणेल, की मारूनही कुत्री शिकतातच. शिकतात, पण कुत्रे दातांचा धनी आहे. भ्यालेले कुत्रे एखाद्या दिवशी चावते, आणि बहुधा ते ज्याने मारले त्याला न चावता घरातल्या लहान मुलाला चावते.

चार शब्दांची शाळा

आज्ञापालनाचेही असेच आहे. घरगुती कुत्र्याला कसरती येण्याची गरज नाही. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’ आणि ‘सोड’ हे चार शब्द त्याला पक्के समजले तरी त्याचा आणि आपला संसार सुखाचा होतो. खाऊ नाकासमोरून हळूच वर नेला की पिल्लू मान वर करते आणि त्याचे बूड आपोआप टेकते. त्याच क्षणी ‘बस’ म्हणून खाऊ द्यावा. पाच मिनिटांचा धडा दिवसातून तीन वेळा पुरेसा होतो. दाराची घंटा, रस्त्यावरची वर्दळ अशी विघ्ने पुढे क्रमाक्रमाने आणावीत. ‘ये’ म्हणून बोलावून कधीही रागावू नये. बोलावण्याचा शेवट मारात झाला तर पुढच्या वेळी कोण येईल?

आपल्याकडे एक मौजेची अडचण आहे. आजी ‘बस रे बाळा’ म्हणते, नातू ‘सिट’ म्हणतो, वडील ‘डाऊन’ म्हणून ओरडतात, आणि या तिन्ही भाषा समजत नाहीत म्हणून पिल्लू मठ्ठ ठरते. कुत्र्याला मराठीचे वावडे नाही आणि इंग्रजीची प्रतिष्ठाही त्याला ठाऊक नाही. शब्द कोणताही असो, साऱ्या घराचा तो एकच असावा. एकाने पलंगावर घ्यावे आणि दुसऱ्याने त्यासाठीच हाकलावे, एकाने ताटातले द्यावे आणि दुसऱ्याने ताटाजवळ आले म्हणून मारावे, हा गोंधळ माणसाच्या घरातला असतो; त्याचा दंड पिल्लू भरते.

या शिक्षणाला काळाचीही मर्यादा आहे. अमेरिकेतील बार हार्बर येथे स्कॉट आणि फुलर यांनी केलेल्या आणि १९६५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या प्रदीर्घ अभ्यासाने दाखविले, की साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ पिल्लाच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटवितो. या काळात जी माणसे, जे आवाज, जी जनावरे त्याच्या परिचयाची होतात त्यांची भीती त्याला पुढे वाटत नाही. प्रेशर कुकरची शिटी, रिक्षाचा आवाज, काठी टेकीत चालणारे आजोबा, गणवेशातला टपालवाला यांची ओळख याच वयात झाली पाहिजे. रोगाच्या भीतीने पिल्लाला चार महिने कोंडून ठेवणारे मालक एक संकट टाळून दुसरे ओढवून घेतात. पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी वेळेवर देत असतानाच पिल्लाला उचलून, कडेवर घेऊन जग दाखविता येते.

लाड नव्हे, शिस्तच

हे सारे लाडच नव्हेत काय, असा आक्षेप घेतला जाईल. माणसांची मुले उपेक्षित असताना कुत्र्याच्या पिल्लाचे हे कोडकौतुक कशाला, असेही विचारले जाईल. दुसरा प्रश्न गंभीर आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. कुत्रे पाळावेच असे कोणाचे म्हणणे नाही. ज्या घराला वेळ नाही त्याने ते आणूच नये, हा खरा प्रामाणिकपणा होय. परंतु आणल्यावर त्याला वळण लावणे हे कुत्र्यावर उपकार म्हणून करावयाचे नसून ते शेजाऱ्यांविषयीचे कर्तव्य आहे. जिन्यातली घाण, मध्यरात्रीचे भुंकणे, लहान मुलाला झालेला दंश यांची झळ मालकाला कमी, इतरांना अधिक लागते. रस्त्यावरील कुत्र्यांच्या प्रश्नावर २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांच्या निमित्ताने देशभर केवढा वाद झाला! त्या कुत्र्यांत काही कालपर्यंत कोणाच्या तरी दिवाणखान्यात होती, हे त्या वादात क्वचितच कोणी बोलले.

लाडाच्या आक्षेपाविषयी इतकेच, की या पद्धतीत शिस्त कमी नाही, ती अधिक कडक आहे. फक्त ती आधी माणसावर आहे. पहाटे साडेपाचला उठून पिल्लाला खाली नेणे, दर दोन तासांनी आठवण ठेवणे, राग गिळणे, एकच शब्द एकाच स्वरात शंभर वेळा उच्चारणे, याला लाड म्हणत नाहीत. त्यामानाने फटका मारणे फार सोपे आहे. बक्षीस ही लाचही नव्हे. लाच कामाआधी दाखवितात, मोबदला कामानंतर देतात. आणि वळण पक्के झाले की खाऊ कमी करून कौतुकावर भागते. अर्थात सर्वच दोष वळणाने जातात असेही नाही. आजारामुळे घाण करणारे वा जातिवंतपणाच्या नावाखाली विकृत पैदाशीतून आलेले कुत्रे याला अपवाद असू शकते. त्याला आधी पशुवैद्याकडे नेले पाहिजे.

कायद्याने आपले काम काही अंशी केले आहे. आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकू नये, असे २०१७ सालच्या श्वानपैदाशीविषयक नियमांनी सांगितले. कारण आईजवळ आणि भावंडांत मिळणारे पहिले शिक्षण कोणताही मालक देऊ शकत नाही. जनावराला उपाशी मरण्यासाठी सोडून देणे १९६० सालच्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले. पण त्या कायद्याने पहिल्या गुन्ह्यासाठी दंड ठेवला तो १० ते ५० रुपयांचा. एवढ्या रकमेत आज पिल्लाच्या गळ्यातला पट्टाही येत नाही. तेव्हा दंडाच्या धाकाने कोणी थांबेल ही आशा व्यर्थ आहे. महापालिका कुत्र्याचा परवाना देताना लसीचा दाखला मागतात, तो आवश्यकच आहे. त्याच वेळी वळण लावण्याविषयी चार पानांची मराठी पुस्तिका मालकाच्या हाती दिली तर खर्च नगण्य आणि लाभ मोठा होईल. गृहनिर्माण संस्थांनीही बंदीचे फलक लावण्याऐवजी आवारातला एक कोपरा नेमून द्यावा आणि स्वच्छतेची जबाबदारी मालकावर सोपवावी. तक्रारी त्याने अधिक कमी होतील.

शिक्षकांना या विषयात काही ओळखीचे वाटले असेल. मूल म्हणजे कुत्र्याचे पिल्लू नव्हे, आणि तशी तुलना करणे मुलाचा अवमान ठरेल. परंतु भीतीची जात सर्वत्र एकच असते. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शाळेतील शारीरिक शिक्षेला मनाई केली, तेव्हा छडीवाचून वर्ग कसा चालेल असे विचारणारे पुष्कळ होते. ज्याच्यापाशी शिकविण्याचे दुसरे साधन नसते त्यालाच छडी अपरिहार्य वाटते. मुक्या जिवाशी घरात हात न उगारता वागलेले मूल सामर्थ्य आणि अधिकार यांविषयी एक धडा शिकते, आणि तो पाठ्यपुस्तकात मिळत नाही. याउलट आपल्यापेक्षा दुबळ्याला न कळणाऱ्या कारणासाठी मारता येते हेही ते घरातच पाहून शिकते.

पिल्लू सहा महिन्यांत, फार तर वर्षात, शिकून तयार होते. पुढची दहा-बारा वर्षे ते शिकलेले विसरत नाही. तेवढे सहा महिने आपल्यापाशी आहेत काय, हा प्रश्न पिल्लू घरी आणण्यापूर्वी साऱ्या कुटुंबाने एकत्र बसून विचारावा. उत्तर नकारार्थी असेल तर मुलाच्या वाढदिवसाला सायकल आणावी. ती कोपऱ्यात पडून राहिली तरी तिला भूक लागत नाही, आणि रस्त्यावर सोडून आल्यावर ती मोटारीच्या मागे धावत येत नाही.